तिसरा शिक्का

मिआ-दोंग वस्तीच्या चढावर आमचं लाल विटांचं दुमजली घर आहे. फाटकावर लाकडी पाटी, तीवर माझ्या नवऱ्याचं नाव: हो पान-गिल. घराची किंमत पाहिली तर आम्ही श्रीमंत माणसं. आणि हिवाळ्यात घर तापवायचं परवडत नाही म्हणून विजेवर तापणाऱ्या एका चादरीखाली बसून, शेवया उकळून खाणारीही आम्हीच. रस्त्यावरचे पुठ्ठे गोळा करून आम्ही दोघांनी हातगाडी ओढली आहे. शेजारची जोम-रे ताई भाड्याच्या खोलीत राहायची आणि तीही पुठ्ठेच वेचायची. मला बघितलं की म्हणायची, "बंगलेवाल्या बाई, गरिबाच्या पोटावर कशाला पाय देताय?"

मी म्हणायचे, "विटा भाजून खाता आल्या असत्या तर आले नसते हो!"

शेवटी पान-गिलनं घर-पेन्शन घ्यायची ठरवली. म्हणजे घर गहाण ठेवायचं, पण मरेपर्यंत त्यातच राहायचं आणि दर महिन्याला पैसे घ्यायचे. दोघंही गेल्यावर घर विकून पेन्शन देणाऱ्या कचेरीनं आपलं वसूल करायचं, उरेल ते मुलांचं. कचेरीतली पोरगी मोठी समंजस होती. म्हणाली, "आजोबा, यात दोन प्रकार आहेत. घर तुमच्याच नावावर ठेवलंत, तर तुमच्यामागे ते आजींच्या नावावर करायला प्रत्येक मुलाची संमती लागेल. कचेरीच्या नावावर सोपवलंत, तर कुणाला विचारावंच लागणार नाही. पैसे आपोआप आजींना चालू राहतील."

पान-गिल उसळलाच. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. "माझी पोरं स्वतःच्या आईसाठी एक शिक्का मारणार नाहीत? तसली पोरं तुमच्यात असतील! आणि दारावर माझं नाव नि कागदावर तुमचं, हे मला चालायचं नाही."

पोरगी लाल झाली. मला मात्र नवऱ्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, घर त्याच्याच नावावर ठेवून मी मान ताठ करून बाहेर पडले.

यंदा वसंत सरता सरता पान-गिल गेला. सहा महिन्यांच्या आत घर माझ्या नावावर झालं नाही तर पेन्शन बंद, वर आजवर घेतलेले पैसे परत. ते कुठून द्यायचे? घर विकूनच. त्याच सुमारास आमच्या चढावरची जुनी घरं पाडून उंच इमारती बांधायचं ठरलं आणि घरांचे भाव अचानक वर गेले. मुलांचे फोन तेव्हा जरा जास्तच यायला लागले. मला वाटलं, बाप गेला म्हणून माया आली असेल.

शरदातल्या छुसकच्या सणाला, पूर्वजांना पुजायच्या दिवशी, तिघंही आली. बापाच्या फोटोपुढं नैवेद्य मांडला, नमस्कार झाले, जेवणं झाली, आणि मी संमतीचे कागद पुढं ठेवले.

थोरला ग्वांग-हो म्हणाला, "आई, हे काय विचारायचं असतं?" त्यानं तिथंच, बापाच्या फोटोपुढं गुडघे टेकून, सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारला. डोळे पुसले. ह्ये-राननं, माझ्या लेकीनं, माझा हात हातात घेतला. "आई, तू शंभर वर्षं राहा या घरात." तिनंही शिक्का मारला.

राहिला धाकटा, ते-गन. तो ताटातलं तांदळाचं मोदकासारखं पक्वान्न बोटांनी चेपत बसला होता. "शिक्का घरी राहिला," म्हणाला.

मग तो उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात असं करत राहिला. पुढं फोनच उचलेना. त्याचं तळलेल्या कोंबडीचं दुकान बुडीत चाललंय हे मला माहीत होतं. पण ते-गन म्हणजे माझ्या चाळिशीत झालेलं पोर, दमेकरी, पाठीवर घेऊन मी रात्ररात्र फिरलेली. तो मला असं वागवेल? ह्ये-रान फोनवर रडायची, "मी किती समजावलं गं त्याला." ग्वांग-हो म्हणायचा, "मी तर हात जोडले त्याच्यापुढं, आई. पोरगं बिघडलंय. तूच लाडावलंस."

मुदत संपत आली तेव्हा ग्वांग-होला कळवून मीच निघाले. त्याच्या आवडीचं, आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण करून घेतलं. त्याचा वास असा की बसमधल्या लोकांनी थंडीत खिडक्या उघडल्या. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "वा! कुणाच्या तरी पोराची आज चंगळ आहे."

ते-गन दुकानाच्या मागच्या खोलीत एकटाच होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. मी कालवण गरम केलं, भात वाढला आणि मग तोंड सोडलं.

"तुझ्या बापानं कचेरीत तुमच्यासाठी त्या पोरीला झापलं होतं! आणि तू? दादानं शिक्का मारला, ताईनं मारला. तुला तेवढी आई जड झाली?"

"आई, पुरे."

"काय पुरे? या वयात मला हातगाडी ओढायला लावणार तू? दादाकडं बघ जरा!"

"दादाकडं काय बघू?" तो ओरडला. चमचा त्यानं आपटलाच. "दादानंच सांगितलंय मला, शिक्का मारू नकोस म्हणून!"

मी भाताचं भांडं खाली ठेवलं.

"छुसकच्या आधीच आम्ही तिघं भेटलो होतो," तो खाली बघत बोलू लागला. "भाव चढलेत तोवर घर आत्ताच विकायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. प्रश्न एवढाच होता की वाईट कुणी व्हायचं. दादा म्हणाला, मी नाही म्हटलं तर आई मला बाबांच्या श्राद्धाला उभं करणार नाही, भावकीत तोंड दाखवता येणार नाही. ताई म्हणाली, माझ्या सासरी कळलं तर शोभा होईल. मग दादा म्हणाला, ते-गनवर आई चार दिवस चिडेल, पण त्याला तोडणार नाही. दादा स्वतःच्या वाट्यातले पैसे देऊन माझं कर्ज फेडणार आहे, आई. पण मी तुला हे सांगितलं असं त्याला कळलं तर एक वॉन देणार नाही."

तिघांनी मिळून केसानं गळा कापला माझा. घर विकायचं म्हणाले असते तर मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, कदाचित ऐकलंही असतं. पण बापाच्या फोटोपुढं गुडघे टेकून शिक्का मारला, डोळे पुसले! आणि मी ती आसवं खरी मानून शेजारीपाजारी सांगत फिरले, माझा ग्वांग-हो म्हणजे सोनं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्वांग-होच होता.

"आई, पोचलीस ना? काय म्हणतोय तो? ऐकतोय का?"

माझ्या जिभेवर शब्द आले होते. पान-गिलच्या आवाजात ओरडावं, त्याचं गुडघे टेकणं त्याच्या तोंडावर फेकावं असं वाटलं. समोर ते-गननं दोन्ही हात जोडले होते. तो मान हलवत होता, नको नको म्हणत होता. शर्टाच्या बाहीतून मनगटाचं हाड दिसत होतं.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "ऐकत नाही. पोरगं फार हट्टी आहे."

"मी सांगितलंच होतं तुला," थोरला सुस्कारा टाकून म्हणाला. "जाऊ दे, आई. त्याच्यावर फार चिडू नकोस."

"नाही चिडत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.