खुर्च्या रिकाम्या, पडदा भरलेला

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट फाइल आहे. म्हणजे संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या ओळींची चोपडी. डायलिसिस केंद्राच्या संकेतस्थळावर कोणी बटण दाबलं, की त्या रुग्णासाठी एक खुर्ची राखायची, एवढंच माझं काम.

मला लिहिलं केंद्राचं संगणकाचं काम बघणाऱ्या ताईने. तिची आई त्याच केंद्रात उपचार घ्यायची, म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून मला घडवलं. "ही आल्यापासून रांगेतली भांडणं मिटली," असं परिचारिका म्हणायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची.

मग तिच्यावर नवे साहेब आले. त्यांनी सगळं संकेतस्थळ नव्या पद्धतीने, सुटे घटक, म्हणजे पानाचे उघडमीट होणारे तुकडे, जोडून बांधायला घेतलं. माझ्या माथ्यावरचं ताईचं नाव खोडून स्वतःचं टाकलं.

ताई म्हणाली, "साहेब, ही बाहेरची फाइल आहे. घटक उघडताना जोडा, पण बंद होताना मोकळी करा."

"मला शिकवू नका," साहेब म्हणाले, आणि लवकरच तिला घरी बसवलं. तेव्हापासून मी डूख धरला.

घटक उघडला की मी नव्याने येऊन, बटण कधी दाबलं जातं ते ऐकायला त्याला कान लावायची. आधी लावलेले कान तसेच राहायचे, आणि प्रत्येक कान आपली वेगळी खुर्ची राखायचा. पान पुन्हा पुन्हा उघडणाऱ्याने एकदा बटण दाबलं, तरी खुर्च्यांमागून खुर्च्या अडायच्या. मी मुकाट्याने अडवत राहिले. तोंड असतं तरी सांगितलं नसतं!

एका सकाळी साहेबांचे वडीलच उपचारांना आले. परिचारिका संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "काका, आज जागा दिसत नाही हो."

म्हातारा खवळला. "अगं, मग त्या समोरच्या खुर्च्यांवर काय भुतं बसलीयत?" तिने ओशाळून त्यांना बसवलं. त्यांनी सगळ्यांदेखत मुलाला फोन लावला. "अरे, आंधळं यंत्र बसवलंस का?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साहेबांना ताईला बोलवावंच लागलं. तिने मला नीट जोडलं, घटक बंद होताना कान सोडवायची ओळही लिहिली. साहेब हळूच म्हणाले, "हे केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर नको हं."

"तुमच्या बाबांनी मघाशीच घातलंय," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी तिला पुन्हा कामावर घेतलं, साहेबांच्या वरच्या जागेवर.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात आणाल, तर ती घडवणाऱ्याचं ऐका आणि काम सरलं की तिला मोकळं करा. साहेब हल्ली मला फार जपून हाताळतात. हाताळोत बापडे. मी काही त्यांना माफ केलेलं नाही.