नावाडिणीचा जबडा

मी एक जुनी माती आहे. कुंडीतली नव्हे, रस्त्यावरची नव्हे आणि चपलेला चिकटून घरात येते ती तर मुळीच नव्हे! मित्रांनो, मी मूर्तिकामाची माती आहे. मला पाण्यात नाही, तेलात आणि मेणात मळलेलं आहे. त्यामुळे मी कधी सुकत नाही, तडकत नाही, भट्टीतही जात नाही. हाताची ऊब लागली की मऊ होते, ठेवून दिली की घट्ट. रंगाने राखाडी, थोडीशी हिरवट. दिसायला काही खास नाही मी. पण आजवर मी किती जणांचे चेहरे झाले ते ऐकलंत, तर तोंडात बोटं घालाल.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. मोठ्या कढईत मला शिजवलं, विटेसारखं कापलं आणि कागदात गुंडाळून खोक्यात भरलं. खोकं उघडलं ते एका बाईने. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत शिल्पकार होती. मी तिला आई म्हणते, कारण तिची मुलगी शाळा सुटली की तिथे यायची आणि दर दोन मिनिटांनी तिला "आई, आई" करायची. ऐकून ऐकून मलाही सवय लागली.

त्या कंपनीत सगळे संगणकावर काम करत. हाताने काम करणारी आई एकटीच. "बोटांना कळतं ते माउसला कळत नाही," असं ती म्हणायची. ती फळीवर तारांचा सांगाडा उभा करायची, त्यावर मला थापायची आणि बोटांनी, लाकडी पट्टीने, तारेच्या हत्याराने माझं डोकं घडवायची. मग चारी बाजूंनी माझे फोटो काढले जात आणि माझा चेहरा संगणकात जाई. तिथे त्याला रंग, केस, आवाज मिळे. इकडे मला ओरबाडून पुन्हा गोळा केलं जाई. चला, पुढचा चेहरा!

मी तीन डोळ्यांचा राक्षस झाले. नाकावर मस असलेला म्हातारा जादूगार झाले. एक सेनापती झाले, त्याचं नाक दोन ठिकाणी मोडलेलं आणि एक कान अर्धाच होता. लोकांनी त्याच्याबद्दल लिहिलं, 'काय रुबाब आहे!' राक्षसाबद्दल लिहिलं, 'कसला भारी कुरूप आहे!' आई ते वाचून हसायची. मला वाटायचं, माणसांना सगळ्याच चेहऱ्यांचं किती कौतुक! माती ती माती, मला काय कळणार?

मग आली नावाडीण.

नव्या खेळात मोठा पूर येतो आणि एक नावाडीण खांद्यावर दोर घेऊन होडी ओढते. बुडणारी माणसं, शेळ्या, पेट्या, सगळ्यांना पलीकडे नेते. तिचा चेहरा आईला करायचा होता. आईने आठ चेहरे केले. खेळाचे प्रमुख होते, त्यांना सगळे सर म्हणत. ते दर वेळी माझ्याभोवती फेरी मारत आणि मान हलवत. "छान आहे हो. पण ही होडी ओढेल असं वाटत नाही. हिला वारा लागला तरी उडून जाईल."

नवव्या चेहऱ्याच्या दिवशी दार धाडकन उघडलं आणि भिंगरी आत आली. भिंगरी म्हणजे आईची मुलगी, वय वर्षं चौदा. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव.

"आई! मी रेषेच्या आत होते! आत म्हणजे आत! आणि त्या पंच बाई म्हणतात, बाहेर! डोळे आहेत की बटणं?"

"हळू बोल, लोक काम करताहेत."

"मी हळूच बोलतेय!" ती ओरडली.

तिने दप्तर आपटलं आणि ती स्टुलावर बसली. हनुवटी पुढे, दात घट्ट, मानेची शीर टरारलेली. आई बघतच राहिली.

"हलू नकोस. तशीच बस."

"अगं, मी रागावलेय!"

"तेच तर हवंय. रागावलेलीच राहा. त्या पंच बाईंबद्दल अजून सांग बघू."

मित्रांनो, ते अकरा दिवस! इतकी मजा मला कधी आली नव्हती. आईचा डावा हात लेकीच्या जबड्यावर आणि उजवा माझ्यावर. भिंगरीचा जबडा रुंद होता, भुवया दाट होत्या आणि नाक चेहऱ्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेलं. ती सारखी बडबडायची. बोलता बोलता तिचा जबडा हलायचा आणि आई ओरडायची. मग दोघी हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून!

सरांनी मला पाहिलं तेव्हा ते फेरी मारायचंसुद्धा विसरले. "हीच," ते म्हणाले. "हिच्या होडीत मी डोळे मिटून बसेन. खेळ बाजारात येईपर्यंत हिला मोडू नका."

भिंगरीने माझ्या गालाला गाल लावून फोटो काढला आणि सगळ्या वर्गाला पाठवला. खाली लिहिलं, 'पूर येऊ दे, मी आहे!' तोच फोटो पुढे तिला नडला.

कारण दोन महिन्यांनी ट्रेलर आला आणि लोक लिहू लागले.

'हा जबडा आहे की टेबलाचा खण?' 'ही पलीकडून आली तर पूरच मागे फिरेल.' 'एवढा पैसा खर्च करून आम्ही हिचं तोंड बघायचं?' आधी भिंगरी खरंच हसली. "आई, पूर मागे फिरेल! हे भारी आहे हं!" वर्गात मुलं तिला नावाडीण म्हणू लागली. "ए नावाडीण, होडी लागलीय बघ!" ती लगेच म्हणायची, "बसा की! पण आधी डोक्यातलं ओझं उतरवा, होडी बुडेल." कुणाचं ऐकून घेणारी नव्हती ती.

मग कुणीतरी नावाडिणीचा चेहरा 'दुरुस्त' करून टाकला. जबडा निमुळता, ओठ जाड, पापण्या लांब. खाली लिहिलं होतं, 'बघा, एवढं सोपं होतं.' हजारो लोकांनी तो फोटो पुढे पाठवला. भिंगरी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली. त्या दिवशी ती स्टुलावरून उठलीच नाही. भिंगरी, आणि उठली नाही!

आता जे घडलं ते सांगताना मला अजूनही गोळा होऊन पडावंसं वाटतं. चूक आईचीच होती, पण ती मायेने झालेली चूक होती.

लेकीचा चेहरा उतरलेला तिला बघवेना. नावाडिणीची बाजू घेणारेही पुष्कळ होते. रात्रंदिवस ते त्या टवाळखोरांशी भांडत होते. आईने त्यांचं चांगलं चांगलं निवडून फोनमध्ये ठेवलं आणि दुपारी भिंगरीला समोर बसवलं.

"ऐक हं. 'काय मान आहे! हिला कुणी हरवू शकणार नाही.' बघ! आता हे. 'असा चेहरा मी खेळात पहिल्यांदा पाहिला.' आणि हे तर बारा हजार लोकांना आवडलंय." आई घाईघाईने वाचू लागली. "'सगळ्याच नायिका सुंदर कशाला हव्यात? जगात कुरूप मुलीही असतात. त्यांनाही कधीतरी खेळात जागा...'"

आई थांबली. फार उशिरा थांबली.

भिंगरीने विचारलं, "हे आपल्या बाजूचे ना?"

"अगं, त्यांना तसं नव्हतं म्हणायचं. म्हणजे त्यांचा अर्थ..."

"आपल्याच बाजूचे ना गं, आई?"

आईने फोन टेबलावर उलटा ठेवला. मी काही बोलावं, तर मला तोंड होतं ते भिंगरीचंच.

टवाळी करणाऱ्यांना ती पुरून उरली होती, मित्रांनो. पण बाजू घेणाऱ्यांशी कसं भांडायचं? ते तर तिच्यासाठीच लढत होते. फक्त ती कुरूप आहे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

चार दिवसांनी सर आले. ते नेहमीसारखे फेरी मारत नव्हते. "जबडा थोडासाच कमी करू या. दोन मिलिमीटर. नाक एक. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"लक्षात येणार नसेल तर कमी कशाला करायचा?" आई म्हणाली. "ही माझी मुलगी आहे, सर."

"ही खेळातली नावाडीण आहे. तुमची मुलगी तुमच्या घरी आहे."

आई तीन दिवस हटून बसली. माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "मी नाही करणार. दुसरं कुणी शोधा." मला किती बरं वाटायचं! चौथ्या दिवशी भिंगरी आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, करून टाक ना."

"काय बोलतेस?"

"तू चेहरा बदललास की ती मी नाही राहणार. मग ते तिला काहीही म्हणू देत. माझं काय जातंय?"

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लेकीच्या सुटकेसाठी तिने तारेचं हत्यार उचललं.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. मातीला दुखत नाही. आजवर मी शंभर वेळा कापली गेले होते. पण त्या दिवशी आईचा डावा हात रिकामा होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. जबड्याच्या पातळ चकत्या टेबलावर पडत होत्या. भिंगरीने त्या गोळा केल्या आणि दोन बोटांत त्यांची गोळी वळली. वाटाण्याएवढी झाली.

"बघ, एवढंसंच होतं," ती म्हणाली. मग स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवत तिने विचारलं, "आई, माझं किती मिलिमीटर आहे गं?"

आईच्या हातातून हत्यार पडलं. "तुझं काही काढायचं नाही, वेडाबाई!"

"तसं नाही. नुसतं विचारतेय."

नवा ट्रेलर आला. आता सगळं शांत होईल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! टवाळखोर म्हणाले, 'अजून कमी करा.' बाजू घेणारे तर पेटूनच उठले. त्यांनी जुन्या चेहऱ्याचे फोटो जागोजागी लावले, शर्टांवर छापले. खाली ठळक अक्षरांत, 'आमची कुरूप नावाडीण परत द्या!' जो चेहरा लपवायला आईने मला कापलं, तो आता रस्त्यारस्त्यांवर फिरू लागला.

एक दिवस भिंगरी शाळेतून आली आणि तिने दप्तर हळूच खाली ठेवलं.

"आज बस थांब्यावर एक ताई भेटली. तिच्या शर्टावर मी होते."

आईने काम थांबवलं. "काही बोलली का?"

"हो. चांगली होती गं. म्हणाली, नावाडिणीसाठी सह्या गोळा करतेय, तू पण कर ना."

"मग?"

"मग काय? केली."

"तिने ओळखलं नाही तुला?"

"नाही." भिंगरी खिडकीकडे वळली. "म्हणाली, 'तुझे डोळे किती सुंदर आहेत! तू नशीबवान आहेस, तुला हे सगळं कळणार नाही.' मी ओढणी घेतली होती ना तोंडावर."

त्या संध्याकाळी दोघी एकमेकींकडे न बघता घरी गेल्या.

खेळ बाजारात आला. लोकांनी तो खेळला, महिन्याभरात संपवला आणि ते विसरूनही गेले. आता ते दुसऱ्याच कुठल्यातरी नायिकेच्या कमरेवरून भांडताहेत म्हणे. कंपनीने माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि मला वरच्या फळीवर ठेवून दिलं. धूळ बसली, एक कान चेपला. अखेर आईने सरांना विचारलं आणि मला खोक्यात घालून घरी आणलं.

तिला मला पुन्हा पहिल्यासारखं करायचं होतं. जुनी मापं संगणकात होती, पण तिला माप नको होतं, मुलगी हवी होती. तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि हाक मारली, "भिंगरे, बसतेस का जरा?"

भिंगरी आली. निमूट बसली, अगदी हलली नाही. चांगले दोन तास एका जागी. आईने कपाळ केलं, भुवया केल्या, नाक पुन्हा मधोमध बसवलं. मग म्हणाली, "केस मागे घे ना जरा."

भिंगरीचे केस दोन्ही गालांवर, पार हनुवटीपर्यंत सोडलेले होते.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी उकाडा इतका होता की मी टेबलावरच मऊ पडले होते. पण आईने पुन्हा विचारलं नाही. तिने हत्यारं पुसली आणि ती म्हणाली, "राहू दे. पुढचं नंतर करू."

ते नंतर अजून आलेलं नाही. माझं कपाळ भिंगरीचं आहे, डोळे भिंगरीचे आहेत, नाक भिंगरीचं आहे आणि त्याखाली मी कुणीच नाही.

तुमच्या आवडत्या खेळांसाठी खुशाल भांडा. कथेवर भांडा, लढायांवर भांडा. पण एखाद्या चेहऱ्याला नावं ठेवण्याआधी, आणि त्याची बाजू घेण्याआधीसुद्धा, जरा विचारा की तो घडताना समोर कोण बसलं होतं. माझं काय, मी माती. आज कापलेलं उद्या परत लावता येतं. भिंगरीला तसं करता येत नाही.

आई रोज संध्याकाळी हात धुऊन माझ्यासमोर बसते. आतल्या खोलीचं दार बंद असतं. केस मागे बांधून भिंगरी कधी बाहेर येईल, याची आम्ही दोघी वाट बघतो.