चाकं काढलेली खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. वय विचारू नका. माझा रंग इतक्या वेळा खरवडून पुन्हा फासला गेला आहे की मूळचा कोणता होता, हे मलाही आठवत नाही. कारखान्यात मला जोडलं, पायांना चाकं बसवली आणि एका मोठ्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, मधल्या खिडकीपाशी आणून ठेवलं. मित्रांनो, माझ्यावर मोडलेली हाडं जुळली, ताप उतरले, माणसं रडली आणि घोरलीही. रोगी जेवणाला नावं ठेवू लागला की सिस्टर म्हणायच्या, "हा आता बरा झाला." माझं काम मात्र कुणाला खटकलं नाही.

मग एक नवा आजार आला. एड्स. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं आणि भीती मात्र पोत्यानं होती. कुणी म्हणे हात लावला की होतो, कुणी म्हणे त्या हवेत श्वास घेतला तरी होतो. हा आजार शेजारी बसून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, गळ्यात पडून रडल्यानंही होत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, तरी तेही दारातूनच चौकशी करायचे.

त्या दिवसांत एक तरुण माझ्यावर आला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नखांत अजून निळा रंग होता. आल्या आल्या त्यानं अख्ख्या वॉर्डाशी दोस्ती केली. तपासणीचा निकाल आला आणि ती दोस्ती पार आटली. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेले एक ट्रकड्रायव्हर काका होते. चालता येत नसताना अंथरूण गोळा करणारे पहिले तेच. वॉर्डबॉयनं हातमोज्यांवर हातमोजे चढवले आणि मला ढकलत व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या कपाटांच्या रांगेत नेऊन उभं केलं. उशाशी पाटी लावली, 'जवळ जाऊ नये'. जेवणाचं ताट जमिनीवर ठेवून तो पायानं सरकवायचा. माझा असा संताप झाला होता म्हणून सांगू!

पोरानं पाटीकडे पाहिलं. "काय हे अक्षर! मला सांगितलं असतं तर बरी रंगवून दिली असती." हसला, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

भेटीच्या वेळी त्याची ताई आली. शिवणकाम करून तिनंच त्याला वाढवलं होतं. ती सरळ माझ्यावर बसली आणि त्याच्या ताटातला घास तोंडात टाकला.

"ताई, मरायचं काही नाही गं," तो हळूच म्हणाला. "पण इथं एकट्यानं नको. मला माणसांत ने."

ताईनं बाह्या वर सारल्या आणि मला ढकलत वॉर्डात नेलं. ती गेल्यावर वॉर्डबॉयनं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत, तो पुन्हा बाहेर. आमची अशी रोजची वरात सुरू झाली. शेवटी वॉर्डबॉयला अक्कल सुचली. त्यानं माझी चाकंच काढून टाकली. "आता ढकल म्हणावं!"

इथंच गडी फसला. चाकांवर मी गपचूप जायचे. आता ताईनं उशाकडचा दांडा धरून मला ओढलं, तसे माझे लोखंडी पाय फरशीवर घासले आणि असा कर्कश आवाज निघाला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमले. ताई दमायची, थांबायची, पुन्हा ओढायची. मी मुद्दाम बोंब मारत होते असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

मोठे डॉक्टर धावत आले. "अहो बाई, काय चाललंय हे?"

"भावाला माणसांत नेतेय."

"बाकीचे पेशंट तयार नाहीत. मी काय करू?"

"शेजारी बसून हा आजार होतो का, तेवढं सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. "नाही होत," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"होत नाही!" डॉक्टर ओरडले.

आतून काकांचाच आवाज आला. "मग पोराला दारात कशाला ताटकळत ठेवलंय? आणा आत! कान किटले माझे."

सिस्टरांनी माझी दुसरी बाजू उचलली. मी जागेवर आले.

त्यानंतर तो काही आठवडेच जगला. काका त्याच्याशी पत्ते खेळायचे आणि राजरोस लबाडी करायचे. सगळे काही बदलले नाहीत. दोघं-तिघं वॉर्ड सोडून गेले, ताईची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. पण तो गेला तेव्हा भरदुपार होती, हात ताईच्या हातात होता आणि सगळा वॉर्ड भोवती होता.

मग कुणाच्या तरी हुकमावरून मला मागच्या आवारात नेऊन रॉकेल ओतून पेटवलं. गादी जळाली, रंग जळाला. लोखंड असं जळतं होय रे, शहाण्यांनो? दुसऱ्या दिवशी मी काळीठिक्कर, पण तश्शीच उभी होते. सिस्टरांनी मला घासूनपुसून पुन्हा मधल्या खिडकीपाशी आणलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मला पोचे पडले तरी चालतील. ज्याच्या जवळ जायला लोक घाबरतात, त्या माणसाला जपा. लांबून नव्हे, जवळ जाऊन.

पुढे त्याच आजाराचा एक माणूस माझ्यावर आला. त्याला भेटायला कुणीच येत नव्हतं. एकदा भेटीच्या वेळी दारात ताई दिसली. आता तिचं इथं कुणी उरलं नव्हतं. तिला येताना पाहून त्या माणसानं घाईघाईनं हात पांघरुणात लपवले आणि म्हणाला, "बाई, तुमची खाट चुकली. लांब राहा, मला तो आजार आहे."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "सरक जरा. मला बसू दे."