वळणावरचा फ्लेक्स

मित्रांनो, मी मोटारसायकल शर्यतीतल्या जाहिरातीचा एक जुना फ्लेक्स आहे. आता माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण एके काळी माझा थाट काही औरच होता.

छापखान्यात, ओल्या शाईच्या वासात माझा जन्म झाला. माझ्यावर इंजिन ऑइलचा भलामोठा डबा होता आणि शेजारी हेल्मेट काखेत धरून हसणारी एक मुलगी. सगळे तिला ‘वादळ’ म्हणत. त्या ऑइलच्या कंपनीचे साहेब मला निरखून म्हणाले, “पोरगी झकास दिसतेय. पण बांधताना डब्यावर ऊन पडेल असं बघा.”

मला मैदानातल्या सर्वांत अवघड वळणावर बांधले. फोटोवाल्यांची झुंबड तिथेच असे. शर्यतीआधी वादळ आईला घेऊन माझ्यासमोर आली आणि लाजून म्हणाली, “आई, माझे दात बघ केवढे दिसतायत!” आई नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

शर्यत सुरू झाली. वादळ सर्वांच्या पुढे होती. माझ्या वळणावर तिची गाडी घसरली आणि ती भिरभिरत येऊन माझ्यावरच आदळली. मी टर्रकन फाटलो. माझ्यामागे गवताचे भारे रचलेले होते, म्हणून तिचा जीव वाचला. लोक धावले. साहेबही धावले, पण माझ्याकडे.

“आधी हा उतरवा! फोटोत आपलं नाव यायला नको.”

मला गुंडाळून भिंतीकडेला टाकले. मैदानाजवळच्या टायरवाल्या काकांनी मला उचलून आणले आणि दुकानामागच्या जुन्या टायरांवर अंथरले. किती उन्हाळे गेले, कोण जाणे. माझे रंग विटले. दिवसचे दिवस माणसाचा आवाज कानी पडत नसे.

एका दुपारी वादळ स्कूटरसाठी जुना टायर बघायला आली. काठी टेकत, एक पाय ओढत. मला पाहून थबकली. काका ओशाळले.

“कंपनीचं कुणी दवाखान्यात भेटायला आलं होतं का गं?”

“फुलं आली होती, काका. गुच्छावरही डब्याचंच चित्र होतं.”

“हा फ्लेक्स घरी नेतेस?”

“नको. आई अजून गाडीच्या आवाजानेही दचकते.” तिने काठीने माझ्यावरच्या आपल्या चेहऱ्याकडे खूण केली. “एवढं करा, मला उलटं घाला.”

काकांनी मला उलटे केले. तेव्हापासून माझी पांढरी पाठ आभाळाकडे आहे, आणि तिचे हसू खाली अंधारात, टायरांना टेकलेले.

मित्रांनो, ज्याचा चेहरा तुम्ही उंच बांधता, तो कधी पडला तर आधी त्याला उचला. फ्लेक्स नंतर उतरवला तरी चालतो.