वाळूत पुरलेला ओंडका

पहिलं मतदान झालं त्या सालची ही गोष्ट. दसरा उलटून गेला होता, ज्वारी निसवायला लागली होती, आणि इंझोरी गावाच्या वरच्या अंगाला नदीकाठी जो लमाणांचा तांडा आहे, त्याला बिबट लागला होता. आधी शेळ्या गेल्या. मग तांड्याचा मुखिया लालसिंग नायक, त्याचं गोऱ्हं गेलं. तेव्हापासून बाया ऊन असतानाच पाणी भरून घेऊ लागल्या आणि लेकरांना कोणी अंगणातही एकटं सोडेना.

नायक देवलाच्या दारात येऊन बसला. "देवला, सापळा काढ," एवढंच म्हणाला.

देवलाकडे बापाच्या वेळचा एक लोखंडी सापळा होता. दोन दातेरी जबडे आणि दोन्ही बाजूंना पोलादी कमान्या. पाय पडला की खटकन मिटायचा, आणि दोन्ही कमान्या एकाच वेळी दाबल्याशिवाय काही उघडायचा नाही. त्या दाबायला घरी लाकडाचा एक शिकंजा होता. देवला म्हणायचा, सापळा मांडणं कोणालाही जमतं, तो साखळीने जागेवर धरून ठेवणं अवघड. जनावर सापळ्यासकट सुटलं तर ते पिसाळून माणसावर येतं. म्हणून तो आधी जनावराची येण्याजाण्याची वाट बघे आणि मग माती बघे.

त्याचा धाकटा भाऊ, भाऊसिंग, त्याच्याबरोबर होता. उंच, हसरा, चालताना जरासा डाव्या अंगाला झुकणारा गडी. दोघे ज्वारीच्या बांधावर आले तेव्हा त्याला तिथंच काम उरकायची घाई झाली.

"ठोक ना इथंच खुंटी. पंजे तर दिसून राह्यले."

देवलाने मूठभर माती उचलून दाबली. वरून वाळलेली काळी माती मुठीत चिकटून गोळा झाली. "पोटात ओली हाय हे. खुंटी लोन्यात गेल्यावानी जाईन अन् तशीच बाहेर येईन. बिबट्यानं दोन हिसके देल्ले का संपलं."

"मंग उन्हाया लागू दे म्हना बिबट्याले."

"उन्हायात तर भेगाच पडतात. तवाबी धरत नाई."

भाऊसिंग मोठ्याने हसला. "म्हंजे या मातीत बिबट धरूच नाई!"

शेवटी दोघे दरडीवर, जांभळाखाली आले. तिथं मुरूम होता. मुरुमात लाकडी खुंटी जात नाही, पण खडकाला एक चीर होती. तिच्यात भाऊसिंगने लोखंडी मेख ठोकली, इतकी घट्ट की दोघांनी मिळून साखळी ओढली तरी ती हलली नाही. सापळा मांडून, वर पाला पसरून दोघे घरी आले. वाटेत भाऊसिंग आपल्या पोरीबद्दल बोलत होता. ती नुकतीच धरून उभी राहायला लागली होती.

बिबट जांभळाखालून गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवला एकटाच बघायला गेला, तर पंजे खाली नदीच्या पात्रात, कोरड्या वाळूवर उमटलेले. पाण्याची धार पलीकडच्या काठाला लागून वाहत होती आणि बिबट अलीकडच्या वाळूवरून रोजच्या पायवाटेवरून जावं तसा गेला होता. देवलाने तिथल्या तिथे सापळा हलवायचं ठरवलं.

वाळूत खुंटीचा काही उपयोग नाही. त्याने खांदाभर खोल खड्डा केला. बाभळीचा एक जाड ओंडका आणून त्याच्या मधोमध साखळीची गाठ मारली, ओंडका खड्ड्यात आडवा निजवला, वर चपटे दगड रचले आणि सगळं बुजवून पायाने तुडवलं. आता जनावर ओढील तेवढा सगळ्या वाळूचा भार त्या ओंडक्यावर येणार होता. देवलाने दोन्ही पाय रोवून साखळी ओढून पाहिली. तसूभर हलली नाही. आपल्या बापालाही इतकं पक्कं जमलं नसतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सापळ्याभोवती खुणेला काटेरी फांदी टाकायची रीत होती. पण पात्र मोकळं होतं, फांदी दिसली तर बिबट वाट सोडील. सापळा लावल्यापासून तांड्यातलं कोणी या अंगाला नदीत उतरत नव्हतंच. भाऊसिंगला जेवताना सांगू, असं म्हणून देवला तसाच ज्वारी राखायला शेतात गेला.

दुपार कलली आणि वरचा डोंगर काळा झाला. पावसाळा सरला असं सगळे धरून चालले होते, पण तिकडे वीज चमकायला लागली. इकडे थेंब नव्हता. देवलाला सापळ्याची काळजी वाटली. लोंढा आला तर वाळूखाली असा गाडला जाईल की पुन्हा सापडायचा नाही. शिकंजा घरी होता आणि घर उलट्या दिशेला. हातातली कुऱ्हाड घेऊन तो तसाच नदीकडे निघाला.

तेच ढग तांड्यातून भाऊसिंगनेही पाहिले होते. "पानी दरडीवर चढलं का दादाचा सापळा वाहून जाईन," तो बायकोला, कमलीबाईला म्हणाला. "काठीनं मिटवतो अन् मेखीतून साखळी सोडवून आनतो." आणि काठी घेऊन जांभळाच्या दिशेने, जवळची वाट म्हणून नदीच्या पात्रातून गेला.

देवलाला त्याची किंकाळी दरडीवर ऐकू आली.

खाली भाऊसिंग वाळूवर बसला होता. घोट्याच्या वर दोन्ही जबडे रुतले होते. पाण्याची धार अलीकडे सरकली होती, त्याच्या मांडीला लागत होती आणि तिचा रंग गढूळ झाला होता.

"दादा, सापळा इथं कवा आनला?"

"आज सकाळी."

"सांगतलं नाईस."

"जेवताना सांगनार होतो." देवला एवढं बोलला आणि सापळ्याच्या दोन्ही कमान्यांवर पाय देऊन उभा राहिला. टणक जमिनीवर असं उभं राहिलं तर कमान्या दबतात. इथं वाळू ओली झाली होती. कमान्या दबल्या नाहीत, वाळूत खाली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर भाऊसिंगचा पायही खाली गेला. तो ओरडला तसा देवला उडी मारून बाजूला झाला.

खाली काही टणक हवं होतं. देवला काठाकडे धावला, एक दगड उरापोटी धरून घेऊन आला आणि एका कमानीखाली सारला. ती बाजू दबली, पण दुसरी बुडाली. पात्रातले जवळचे चपटे दगड सकाळी त्यानेच ओंडक्यावर रचले होते. तो पुन्हा काठाकडे धावला. परत येईतो पाणी गुडघ्याला आलं होतं आणि पहिला दगड कुठे गेला ते हाताला लागेना.

मग त्याने ओंडका उकरायला घेतला. हाताने वाळू उपसली की खड्डा पाण्याने आणि वाळूने लगेच भरून येई. तो ओरडून माणसांना हाका मारत होता आणि उपसत होता. वाळू होती तेवढीच राहिली. त्याने साखळी एका हाताने ताणून धरली आणि कुऱ्हाडीचे घाव घातले. पाण्यात घावाला जोर येत नव्हता. कुऱ्हाडीची धार गेली, कडी तशीच राहिली.

भाऊसिंग एका पायावर उभा राहिला होता आणि देवलाचा खांदा धरून वरच्या अंगाला बघत होता. तिकडून आवाज येत होता, बैलांचा मोठा कळप दगडांवरून यावा तसा.

"दादा, पाय तोड."

"काय बोलून राह्यला?"

"तोड म्हंतो ना. घोट्याच्या वर मार. लंगडा जगीन मी. कमली हाय, पोरगी हाय. मार, दादा."

देवलाने कुऱ्हाड उचलली. पाण्याखाली पाय दिसत नव्हता. त्याने डाव्या हाताने चाचपला. पोटरी हाताला लागली. याच पायातले काटे त्याने कितीदा काढले होते. लहान असताना भाऊसिंग काट्याला फार भ्यायचा, देवलाच्या मांडीवर पाय ठेवून डोळे मिटून बसायचा. आत्ताही त्याने डोळे मिटून घेतले होते.

कुऱ्हाड खाली आली ती साखळीवर. देवलाने पुन्हा साखळीवरच मारली, आणि पुन्हा.

"दादा," भाऊसिंग म्हणाला. पुढचं ऐकू आलं नाही.

लोंढ्याने दोघांना एकदमच आडवं केलं. देवलाने भावाला काखेत धरून त्याचं तोंड पाण्यावर ठेवायची शिकस्त केली. भाऊसिंगची बोटं त्याच्या सदऱ्यात अडकलेली होती. मग वाहत आलेल्या झाडाचा तडाखा देवलाच्या छातीला बसला, सदरा फाटला आणि तो एकटाच वाहत गेला. बऱ्याच खाली, करंजाच्या मुळांना अडकलेला, तो हाका ऐकून धावलेल्या माणसांना सापडला. "भाऊ बांधलेला हाय, भाऊ बांधलेला हाय," असं तो म्हणत होता, आणि कोणाला त्याचा अर्थ लागत नव्हता.

सकाळी पाणी उतरलं. भाऊसिंग होता तिथंच होता. शिकंजा आणून नायकाने त्याचा पाय सोडवला. ओंडका जागचा हलला नव्हता. कोणीतरी म्हणालं, राहू द्या तो तिथंच. देवला ऐकेना. त्याने एकट्याने तो उकरून काढला, साखळीसकट डोहात लोटला आणि मग काठावर जिथं भाऊसिंगसाठी लाकडं रचली होती तिथं येऊन बसला.

तांड्यात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. लोक म्हणत होते, नदी आली, त्यात कोणाचा काय दोष. पण तिसऱ्या दिवशी सगळे बसलेले असताना देवलाने आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. सापळा हलवला, खूण टाकली नाही, भावाला सांगितलं नाही. आणि भाऊ पाय तोड म्हणाला तेव्हा हात चालला नाही. त्याची बायको जमनाबाई मागून त्याचा हात दाबत होती, तरी तो थांबला नाही.

तांड्याच्या रीतीने कमलीबाई मोठ्या दिरासमोर पदर तोंडावर घेत असे आणि कधी एक शब्द बोलत नसे. त्या दिवशी ती बायांमधून उठली, पदर मागे टाकला आणि पुरुषांच्या बैठकीत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्याईनं म्हनलं होतं ना तोड म्हून?"

"हो."

"मंग काहून नाई तोडला? मी पोसलं असतं ना त्याईले लंगडा. पाठीवर घेऊन फिरली असती मी." तिचा आवाज चढला नाही. "तुमाले कोनी सांगतलं होतं त्याईचा पाय वाचवाले?"

कोणीतरी म्हणालं, "कमले, मंधात नको बोलू." तेव्हा देवलाच म्हणाला, "बोलू द्या तिले." पण ती परत जाऊन बसली आणि पोरीला पाजायला घेतलं.

दिवाळीआधी तिचा भाऊ अनसिंगहून, माहेरच्या गावाहून, बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला. जमनाबाईने ज्वारीचं गाठोडं गाडीत ठेवलं, पोरीच्या गालाला हात लावला. देवला गाडीमागून तांड्याच्या शिवेपर्यंत चालत गेला. कमलीबाईने मागे पाहिलं नाही. शीव आली तसा तो थांबला. गाडी वळणाआड गेल्यावरही तो तिथंच उभा होता, शेवटी जमनाबाई येऊन त्याला घेऊन गेली.

तो बिबट त्याच हिवाळ्यात दुसऱ्या गावच्या लोकांनी मारला. खबर घेऊन आलेला माणूस मोठ्या उत्साहाने सांगत होता, केवढा होता, कसा पडला. देवला दोर वळत बसला होता. "बरं झालं," म्हणाला आणि वळतच राहिला.

रामनवमीला सगळा तांडा पोहरादेवीच्या यात्रेला गेला. गर्दीत जमनाबाईला बांगड्यांच्या दुकानापाशी कमलीबाई दिसली. पोरगी तिचं बोट सोडून पुढे चालत होती, नवं नवं चालणं, आणि प्रत्येक पावलाला जराशी डाव्या अंगाला झुकत होती.

जमनाबाईने देवलाला कोपराने ढोसलं. "पाहा, आपली पोरगी चालाले लागली. चला, भेटू."

देवलाने पाहिलं. मग तो एका दुकानाच्या पालामागे सरकला आणि त्या दोघी गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत तिथंच, दोन्ही हात पोटाशी धरून उभा राहिला.

"असं काहून करता?" जमनाबाई रडकुंडीला आली होती. "जवळ जाऊन बोलाचं होतं ना."

"काय बोलू?" देवला म्हणाला.