फडक्याखालचा हात

ड्र्यूनं प्रत्येकाच्या तळहातावर एक अख्खा अक्रोड आणि एक रिकामं टरफल ठेवलं. टेसानं लगेच मूठ मिटली.

अक्रोड म्हणजे हो, टरफल म्हणजे नाही; दोन्हींतलं एकच टोपलीत टाकायचं. टोपलीवर फडकं, तळाला लोकर, म्हणजे टाकल्याचा आवाजसुद्धा नको. एक टरफल निघालं की माणूस बाद. का, ते कुणी विचारायचं नाही. हातात उरलेलं खिशात घालायचं आणि चालू पडायचं. कॉलेजातल्या सगळ्यांत हुशार आणि सचोटीच्या पोरांचं हे मंडळ वर्षानुवर्षं असंच सभासद निवडत आलं होतं, आणि या चोरटेपणाला परंपरा म्हणत होतं.

गेल्या आठवड्यात यारेली ओचोआच्या नावावर एक टरफल निघालं. यारेली म्हणजे टेसाच्याच खोलीत राहणारी, वर्गात पहिली, अख्ख्या मजल्याला रसायनशास्त्र शिकवणारी. दोघींनी एकाच मेडिकल कॉलेजात अर्ज केले होते, आणि मंडळाच्या सभासदांसाठी मंडळ चालवणाऱ्या प्राध्यापक हॅडली मॅडम तिथे स्वतः शब्द टाकत.

ते टरफल टेसाचं होतं.

"मला लाज वाटली त्या दिवशी," हॅडली मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणायचंय? तोंडानं म्हणा, कारण सांगा. आज हा नियम बदलला, तर ओचोआचं नाव आत्ताच पुन्हा मताला टाकू."

"कोण असेल पण?" बेकेट म्हणाला. "जो असेल तो एक नंबरचा भित्रा."

"तूच नसशील ना रे?" प्रिसिलानं टोमणा मारला. "लॅबमध्ये तिनं तुला सगळ्यांसमोर झापलं होतं."

"झापेल नाहीतर काय! आग लावली होती मी, बाई."

सगळे हसले. टेसाही हसली, जरा मागाहून.

"टेसा, तू तिच्यासोबत राहतेस," ड्र्यू म्हणाला. "तू बोल."

टेसा उभी राहिली. "ज्याला कारण सांगायची हिंमत नाही, त्याला नाही म्हणायचा हक्क नाही," ती म्हणाली. बोलताना तिचा गळा खरोखरच दाटून आला. टाळ्या पडल्या. बेकेटनं शिट्टी मारली.

आता नियम बदलायचा तोही याच टोपलीतून, आणि तिथेही एक टरफल पुरेसं. याचं कुणालाच हसू आलं नाही. टोपली मॅडमपासून निघाली आणि हातोहात फिरत टेसापाशी आली. तिनं मूठ फडक्याखाली नेली. बोटांना लोकर लागली. बोटं तिथं जरा जास्तच रेंगाळली.

ड्र्यूनं टोपली टेबलावर उलटी केली. अक्रोड घरंगळले. त्यांच्यामध्ये चार टरफलं होती.

मघाशी टाळ्या वाजवणारे हात मांडीखाली गेले. बेकेट वाकून बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला. मॅडमनी फडक्याची घडी घातली.

"म्हणजे नियम कायम," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग असेल म्हणून टेसानं कान दिला. त्यात सुटल्याचा सुस्काराच होता.

खोलीत यारेली पलंगावर मांडी घालून बसली होती.

"ड्र्यूचा मेसेज आला. पार रडायला आली होतीस म्हणे माझ्यासाठी, वेडे."

"उपयोग काय झाला?"

"नसू दे गं. भांडलीस तर खरी! आईला सांगितलं मी. ती म्हणाली, त्या पोरीला सुट्टीत टेक्सासला घेऊन ये, पोटभर तमाले खाऊ घालते." यारेली उठली. "आण तो कोट इकडे, बर्फानं चिंब झालाय."

"राहू दे, मी टाकते वाळत."

पण कोट यारेलीच्या हातात गेलाही होता. हीटरजवळ टांगायच्या आधी ती खिसे चाचपू लागली. एका खिशात तिचा हात थांबला.

"अगं, अक्रोड!" तिनं तो दिव्याखाली धरला. "अख्खा आहे. मंडळात खायला देतात होय? आणि तू तो खिशात घालून आणलास?"

टेसा वाकून बुटाची नाडी सोडू लागली.

यारेलीनं अक्रोड दाराच्या फटीत धरून दाबला. कडकन आवाज झाला. टरफलं तिनं खिडकीत ठेवली, आतला गर मोडला आणि मोठा तुकडा टेसाच्या तळहातावर ठेवला.

"घे."

टेसानं तो तोंडात टाकला. चावत राहिली.

"खवट आहे का गं?"

"नाही," टेसा म्हणाली. "चांगला आहे."