दोनावर अडलेला वारा

मी एक जुना सिलिंडर आहे, मित्रांनो. पोटात ऑक्सिजन, अंग काळं, खांदे पांढरे. माझं वय माझ्या मानेखाली ठोकलेलं आहे, पण त्यातले दोन आकडे मी मुद्दाम गंजवून ठेवलेत. म्हाताऱ्यांनी सगळंच सांगायचं नसतं.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला. लालभडक पोलादातून मला ओढून काढलं, तेव्हा मी अशी किंकाळी फोडली की पार नाहूरपर्यंतची कुत्री तीन दिवस भुंकत होती. पुढे एकदा टेम्पोतून जाताना माझी चावी सैल राहिली. मी नुसता सुस्कारा टाकला, तर विक्रोळीच्या खाडीतले झाडून सगळे बगळे उडाले आणि मुलुंडला जाऊन बसले. हसताय? हसा. पण पुढची हकिगत हसण्यावारी नेऊ नका.

कोरोनाच्या साथीच्या वर्षी माझा काय मान होता! लोक मला मिठ्या मारत, माझ्यासाठी रांगा लावत. साथ सरली आणि मला विक्रोळीच्या गोदामात उभं केलं. तीन वर्षं माझ्या पाठीमागे एक पाल संसार करत होती. पोटात वारा कोंबलेला आणि बाहेर काढायला कुणी नाही, हे दुखणं तुम्हाला कळणार नाही. मी आतल्या आत नुसता ताठत होतो.

मग एका सोमवारी राजेश टेम्पोवाल्याने मला उचललं आणि नाहूरला सुबोधच्या घरी आणून टेकवलं. चावी आणि मीटर लावलं, सुबोधच्या आईच्या हातात डॉक्टरांच्या कागदासकट मास्कचं पाकीट ठेवलं, "कागदावर लिहिलंय तसं लावा हां मावशी," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पळाला.

सुबोध लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. गेली सहा वर्षं, वर्षातून एकदा, दीड-दोन महिने त्याचं डोकं दुखायचं. रोज. एकाच बाजूने, उजव्या डोळ्यामागे. आणि वेळ ठरलेली, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आधी सगळे म्हणाले सायनस. मग चष्मा बदलला. मग एक दाढ काढली; ती बिचारी निर्दोष होती. यंदा कंपनीने सांगून टाकलं की हे थांबेपर्यंत लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं नाही. कंपनीच्या खालच्या खोलीत नुसतं बसवून ठेवलेल्या सुबोधला आपण कामातून गेलो असंच वाटू लागलं, आणि चौथ्या दिवशी रजा टाकून तो घरी बसला.

त्याची बायको अक्षता मात्र चिवट. बँकेतून रोज घरी फोन करून ती वेळ लिहून ठेवायची. तीन आठवड्यांच्या वेळा घेऊन ती त्याला डॉक्टर उत्तराबाईंकडे घेऊन गेली, आणि नेमके तिथेच चार-दहा झाले. सुबोध खोलीभर येरझाऱ्या घालू लागला. उजवा डोळा लाल, पापणी उतरलेली, एकाच नाकपुडीतून पाणी. बाईंनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. सापडली एकदाची." रोजच्या गोळ्या दिल्या, त्याआधी हृदयाचा आलेख काढून घेतला. आणि कळ आली की लावायला मला बोलावलं.

पण मित्रांनो, मी घरात आलो आणि घराचा नूरच पालटला. दारात सिलिंडर म्हणजे माणूस गेल्यातच जमा, अशी साथीपासून लोकांची समजूत. शेजारपाजारचे शहाळी घेऊन येऊ लागले. सुबोधच्या आईने, जानकीबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. इथवर ठीक होतं. पण त्या निरांजन पेटवून माझ्यापुढे ठेवणार, तेवढ्यात अक्षता ओरडली, "आई! ऑक्सिजन आहे तो, आग भडकेल!" मी तर तेव्हा जागेवरच घामाघूम झालो.

आणि वरच्या मजल्यावरून आले धाकूकाका. मालवणचे, पासष्टीचे. येताच खुर्ची ओढून माझ्या चावीजवळ बसले. म्हणाले, "माका म्हाईत आसा ह्या. दोनावरच ठेवा. संपलो तर खंय जातलास?"

माझ्या मीटरच्या नळीत एक मणी असतो. जितका वारा सोडाल तितका तो वर चढतो, थेट पंधरापर्यंत. काकांनी तो दोनावर आणून ठेवला. नाकात बारीक नळी लावली, शेजारच्या घरी साथीपासून पडून होती ती. मास्क? तो नवा कोरा, म्हणून जानकीबाईंनी कागदासकट कपाटात, पाहुण्यांच्या कपबशांमागे ठेवून दिला.

मंगळवारी चार-दहा झाले. सुबोध उठला. भिंतीपासून खिडकी, खिडकीपासून भिंत.

"गप पडान रव जरा, बाबा," जानकीबाई म्हणाल्या.

"आई, पड नको सांगूस! पडलो की डोळ्यात कुणीतरी स्क्रूड्रायव्हर फिरवतं!"

नळीचं टोक ओढत तो फिरत होता आणि मी फुसफुस करत होतो. पोटात दीड हजार लिटर आणि तोंडातून मांजराच्या शिंकेइतका वारा! बुधवारी तेच. गुरुवारी त्याने कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो काका, सोडा मला! पण आम्हाला तोंड असून बोलता येत नाही.

संध्याकाळी सुबोध बायकोला म्हणाला, "हा पण बेकार निघाला. राजेशला सांग, उद्या चारला येऊन घेऊन जा. बस झाले उपाय. मी नोकरी सोडतो."

अक्षताने राजेशला फोन केला. शुक्रवारी तिने अर्धी रजा टाकली आणि चारच्या आधी घरी येऊन बसली. चार-दहा. सुबोध उठला, काकांनी चावी फिरवली, मणी दोनावर थांबला.

"काका, दोन?" अक्षता म्हणाली. "चारही दिवस दोनच? आणि मास्क कुठाय? आई, मास्क!"

"नवो आसा गो तो. जपान ठेवलंय."

"कुणाच्या लग्नात लावायचाय?"

कपबशा खडखडल्या, पाकीट फाटलं, कागद निघाला. मास्क लावून मिनिटाला पंधरा लिटर, पंधरा मिनिटं, बसून. अक्षताने सुबोधला खुर्चीवर दाबून बसवलं आणि चावीकडे हात नेला. पण काकांनी चावी धरून ठेवली होती. 

"संपात तो, पोरी. साथीत माझ्या भावाक मी चार दिस दोनावर ठेवलंय. पाचव्या दिवशी दुसरो गावलो नाय."

मित्रांनो, काकांच्या भावाजवळचा तो सिलिंडर मीच होतो असं ठोकून द्यायचा मला मोह होतोय. पण नाही. तो दुसरा कुणीतरी होता.

"संपू दे, काका," अक्षता हळूच म्हणाली. "राजेश खाली आलाय. त्याच्या टेम्पोत दुसरा भरलेला आहे."

काकांनी खिडकीतून वाकून टेम्पो बघितला. परत येऊन बसले. आणि स्वतःच्या हाताने चावी फिरवली. पाच. नऊ. बारा. पंधरा! मी असा सुटलो की काय सांगू! मास्कखालची पिशवी टम्म फुगली.

सुबोधचे पाय अजून जमिनीवर आपटत होते. मग एकच पाय. मग तोही थांबला. चार वाजून चोवीस मिनिटांनी सहा वर्षांत पहिल्यांदा दुखण्याच्या दिवसांत तो माणूस त्या वेळी स्वस्थ बसला होता. जानकीबाई घाबरून म्हणाल्या, "झोपलो की काय?"

"नाही गं आई," मास्कमधून आवाज आला. "दुखत नाहीये."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गो अक्षता, माझ्या भावाक पण पंधरा व्हये होतो काय?"

"नाही काका. त्यांचं दुखणं वेगळं होतं. तेव्हा करता येण्यासारखं होतं ते सगळं तुम्ही केलंत."

राजेशने त्या दिवशी मला नेलं नाही. दुसरा माझ्या शेजारी आणून ठेवला. सुबोधचं दुखणं कायमचं गेलं असं मी सांगणार नाही, तेवढा थापाड्या मी नाही. कळ आणखी तीन आठवडे येत राहिली. मास्क लावला की विरायची. मग गोळ्या लागू पडल्या आणि ती यायची थांबली. आज तो परत लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. पुढच्या वर्षी ती आलीच, तर मास्क आता कपाटात नाही, माझ्याच मानेवर टांगलाय.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागतो. कुणी डोकं धरून येरझाऱ्या घालत असेल तर त्याला गप पड म्हणू नका. वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांचा कागद वाचा. आणि माझ्याजवळ उदबत्ती लावू नका, मी देव नाही.

धाकूकाका अजून रोज चारला खाली उतरतात. माझ्याजवळ बसून चहा पितात, मीटरच्या दाबाच्या काट्यावर बोट वाजवून मी भरलेला आहे ना ते बघतात. चार-दहा होतात. काहीच होत नाही. मग ते कप धुवून ठेवतात आणि वर जातात.